शिक्रापूरच्या बंगल्यातली नटी

दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांत शिक्रापूरच्या आसपासच्या कंपन्यांत कोरियन साहेब दिसायला लागले. त्यांच्यातल्या एका इंजिनिअरच्या बायकोला इंग्रजी बोलायला शिकवायचं काम मला मिळालं. मी नुकतीच बी.ए. झाले होते. तळेगाव ढमढेऱ्याहून रोज दुपारी जीपनं जायची. बाई चाळिशीच्या, मुलगी शिकायला मायदेशीच, त्यामुळं दिवसभर बंगल्यात एकट्या. त्या मला ‘टीचर’ म्हणत, मी त्यांना ‘मॅडम’.

सुरुवातीलाच मी त्यांना भाजी घेतानाचं संभाषण लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाठ म्हणून दाखवलं. म्हणता म्हणता त्या घासाघीस करणारं गिऱ्हाईक झाल्या आणि लगेच उन्हानं वैतागलेली भाजीवालीही. उच्चार चुकत होते, तरी मला हसू आवरेना.

“मॅडम, तुम्ही नाटकात होता का?”

“आधी,” त्या म्हणाल्या, “सिनेमा.”

मग पुढच्या काही महिन्यांत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, त्यांनी मला सगळं सांगितलं. समुद्रकाठचं गाव, वडील मासेमारीच्या बोटीवर. शाळा संपल्यावर त्या शहरात कापडगिरणीत लागल्या. गिरणीतल्या मुलींचं नाटक बघायला आलेल्या एका दिग्दर्शकानं त्यांना बोलावलं. पहिल्या सिनेमात त्या बसमधली तिकिटं फाडणारी मुलगी होत्या. त्यासाठी महिनाभर खऱ्या बसमध्ये उभं राहून काम शिकल्या. लोक ओळखायला लागले, दहा-बारा सिनेमे झाले. मग लग्न झालं. सासूबाईंना सुनेनं पडद्यावर दिसणं पसंत नव्हतं. नवरा मध्ये पडला नाही. काम सुटलं.

“राग नाही आला?” मी विचारलं.

“आला. मग मुलगी झाली. मग राग म्हातारा झाला.”

एप्रिलमधल्या जयंतीसाठी आमच्या वस्तीतल्या बाया नाटक बसवत होत्या. मुलगा शिकायला पुण्याला निघतो, आई त्याला निरोप देते, असा प्रवेश. आई झाली होती माझीच आई. ती निरोपाचं लांबलचक भाषण माईकची गरज पडू नये इतक्या जोरात म्हणायची. मी मॅडमना तालीम बघायला नेलं.

विहारात सतरंजीवर बसून त्यांनी सगळा प्रवेश बघितला. मग मला हळूच विचारलं, “मी करून दाखवू?”

आई म्हणाली, “बया, यास्नी मराठी येत न्हाई, आन् करनार काय?”

मॅडमनी पदर नसताना पदर खोचला. नसलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या. गाठ मारली. थांबल्या. गाठ सोडली, आणखी एक भाकरी घातली, पुन्हा बांधलं. मुलाच्या हातात दिलं, पण फडकं काही सुटेना त्यांच्या हातून. एक शब्द बोलल्या नाहीत. माझी चुलती डोळे पुसायला लागली.

आई उठून मॅडमच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, “कळलं. माझं भाषान काडून टाका.”

तेवढ्यात मला दारात त्यांचे साहेब दिसले. गाडी घेऊन न्यायला आले होते. बूट हातात घेऊन तसेच उभे होते. बायकोला त्यांनी हाक मारली नाही. बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी पाणी घेऊन गेले, तर इंग्रजीत म्हणाले, “मी तिला पहिल्यांदा पडद्यावरच पाहिलं होतं. बसमध्ये तिकिटं फाडताना. एकच सिनेमा मी चार वेळा पाहिला.” आणि मान खाली घातली.

जयंतीला आईनं तो प्रवेश न बोलता केला. एरवी पोरांच्या गोंगाटात काही ऐकू यायचं नाही, त्या दिवशी पुढची माणसं मागच्यांना गप करत होती. मॅडम बायांच्या घोळक्यात मांडी घालून बसल्या होत्या. प्रवेश संपल्यावर त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. आई इतकी लाजली की पडद्यामागं पळाली.

त्यानंतर काही दिवसांनी शिकवणीत मॅडम मध्येच थांबल्या. “टीचर, माझ्या मिस्टरांनी विचारलं. परत काम करणार का?”

“मग?”

“मी म्हटलं, आता मी म्हातारी. ते म्हणाले, म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी नसतात का?”

सासूबाई आता नव्हत्या. साहेबांनी भारतातला करार वाढवून घेतला नाही. दिवाळीच्या आधी बंगला रिकामा झाला. जाताना त्या आमच्या घरी आल्या, आईच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी पान पुसून उठल्या.

दोन वर्षांनी साहेबांच्या इथल्या कंपनीत आलेल्या एका कोरियन मुलीबरोबर त्यांनी मला सीडी पाठवली. कसलीशी मालिका होती. त्यात त्या मासळीबाजारातली विधवा झाल्या होत्या, सुनेवर खेकसत होत्या. आईनं भाषा न कळता दोन भाग सलग बघितले. “हिची सून लई सोसती,” म्हणाली.

पुढं एकदा त्यांचा फोन आला. चित्रीकरण समुद्रावर, पहाटेची थंडी, हात गारठतात, असं सांगत होत्या. मी विचारलं, “साहेब कसे आहेत?”

“गाडीत बसलेत,” त्या हसल्या. “रोज मला सोडायला येतात. आज डबाही त्यांनीच केलाय. भात करपलाय.”