वरच्या मजल्यावरची ओजिब्वे बाई

मी देवीशी बोलणं टाकलं होतं. गावाहून पदरात बांधून आणलेला कुलस्वामिनीचा टाक मी आखातात, अल ऐनला, सुमीच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला होता. तो उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. म्हटलं, तुला बघायचं नसेल तर नको बघूस.

सुमी माझी मुलगी. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट आहे. तिचं पहिलं बाळंतपण करायला मी चौथी शिकलेली बाई एकटी विमानात बसून गेले. पण मी पोचायच्या आतच, दिवस भरण्याआधी, ती बाळंत झाली. मुलगी झाली, तळहातावर मावेल एवढी. तिला इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. डॉक्टरांना विचारलं की ते इन्शाल्ला म्हणायचे. मला राग यायचा. देवावर टाकायचं तर ते मला घरी बसूनही जमत होतं, तुम्ही शिकलात कशाला?

पण खरी धास्ती मला सुमीची होती. ती घरी आली आणि पलंगावर पडून राहिली. बाळ बघायला जाईना. नर्सबाई जावयाला रोज सांगत, आईला पाठवा, तिचा हात लागू दे, तिचं दूध हवं. जावई एकटाच जाऊन येई. सुमी मला एकदाच म्हणाली, “ती जाणारच आहे, आई. मी जीव लावला तर माझं काय उरेल?” त्यानंतर तिनं बोलणंच सोडलं. मी रागावले, समजावलं, जेवणार नाही म्हणून धमकी दिली. उपयोग शून्य. पेटीतली नात आणि पलंगावरची लेक, दोघी एकदम जायला निघाल्या होत्या आणि माझ्या हातात काही नव्हतं.

एक दिवस घरातला ओवा संपला. खाली पठाण वॉचमन होता, त्याला विचारलं तर तो म्हणाला, “अम्मा, ऊपर इंडियन मॅडम रहती है.” मी वर गेले. दारात एक सावळी, गालाची हाडं वर आलेली बाई, पाठीवर जाड काळी वेणी. मला वाटलं आसामकडची असेल. मी माझ्या मोडक्या हिंदीत ओवा मागितला, बाळंतीण आहे म्हणून हातानं पाळणा करून दाखवला. तिला हिंदीचा एक शब्द कळला नाही, पाळणा मात्र कळला.

मागाहून समजलं की ती अमेरिकेतली, मोठाल्या तळ्यांकाठची. गोरे लोक तिकडे गेले ते आपला देश शोधत, आणि समोर दिसले त्यांना इंडियन म्हणून बसले. तिच्या लोकांचं खरं नाव ओजिब्वे. ती कॉलेजात शिकवायची आणि पुस्तकं लिहायची. घरात ती आणि तिची शाळेत जाणारी मुलगी, दोघीच.

संध्याकाळी ती खाली आली, भांड्यात काळ्या लांब तांदळाची पेज घेऊन. त्यांच्याकडे तो तळ्यात आपोआप उगवतो. बाळंतिणीला काळा भात काय द्यायचा, असं माझ्या मनात आलं, पण ती सरळ सुमीजवळ जाऊन बसली आणि हळूहळू बोलायला लागली. मला इंग्रजी येत नाही. मी सुमीला विचारलं, “काय म्हणते ती?” सुमीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाई थांबली, माझ्याकडे बोट दाखवून सुमीला काहीतरी म्हणाली. आईला सांग, असंच असणार. सुमीला पाहुण्यासमोर उद्धटपणा जमत नाही. ती सांगू लागली.

आता दुसऱ्याचं बोलणं सांगताना दुभाष्या मी-मी असंच म्हणतो. सुमी भिंतीकडे बघत, कोरड्या आवाजात म्हणाली, “माझी मुलगी लवकर झाली. बाहेर बर्फ होतं. सगळे म्हणाले, आशा नाही. मी तिच्या पेटीजवळ बसले. तिला सांगत राहिले, तळं कसं आहे, आजी काय रांधते, झाडांना काय म्हणतात. पुस्तकं मी नंतर लिहिली. पहिली गोष्ट तिला सांगितली.” मग बाई एक वाक्य बोलली आणि सुमी अडली. बाईनं ते पुन्हा म्हटलं. सुमी खालच्या आवाजात म्हणाली, “मी तिला म्हटलं, राहायचं की जायचं ते तुझं तू ठरव. मी इथून हलणार नाही.”

वाक्य दुसरीचं, तोंड माझ्या लेकीचं. सुमीनं ते परत एकदा म्हटलं, या वेळी कुणी सांगितलं नसताना. मग उठून बसली. “आई, माझी चप्पल कुठे आहे?”

इस्पितळात पेटीच्या भोकातून हात घालून ती नातीशी बोलू लागली. काय बोलावं सुचेना, म्हणून पिठलं कसं करतात ते सांगितलं. केरळची नर्स तोंडाला रुमाल लावून हसत होती. रोज जायचं, बोलायचं, दूध काढून द्यायचं, असं चाललं. नात जगली. डॉक्टरांनी केलं, दुधानं केलं, सगळं खरं. मी घरी येऊन टाक सरळ केला, एवढंच मला ठाऊक.

पुढे मी दर वर्षी तिकडे जायची. वरची टाइप करत बसलेली असे. मुलगी शाळेतून आली की हात थांबले. आधी तिची वेणी, तिचं खाणं, तिची बडबड. मी एकदा टोचलं, बाईमाणसाला एवढं लिहून काय मिळतं? तिनं सुमीकडून उत्तर दिलं, “तुम्ही देवाला रोज तेच तेच सांगता, मी रोज नवीन सांगते.” सुमी मला आई म्हणते म्हणून तिला ते माझं नाव वाटायचं. तीही आईच म्हणायची.

मग ती आपल्या देशी परत गेली आणि आजारी पडली. नात सात वर्षांची असताना तिच्या मुलीचा फोन आला, ती गेली म्हणून. माझी नात दुसरीत गेली ते तिला कळवायचं राहून गेलं.

मी रडले नाही. दिवा लावला आणि देवीचे आभार मानले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही न मागता. प्रयत्न सोडायचा नाही, हट्ट सोडायचा, एवढं त्या बाईनं मला शिकवलं. मागणं मी मराठीत केलं होतं. उत्तर कुठल्या भाषेत यावं, हे ठरवणारी मी कोण?