डोळ्यांचं मशीन

जवळा बाजारच्या रेशन दुकानात रांगेत एक माणूस माझ्या पुढं होता. सिमेंटनं झिजलेली त्याची बोटं मशीनवर उमटेनात, म्हणून दुकानदारानं डोळ्यांचं मशीन काढलं. त्यानं डोळे गच्च मिटले.

"काहून भिऊन राहिले, भाऊ?" मी विचारलं.

"आखातात गवंडीकाम करत होतो. परवाना संपला, तर पोलिसांनी असेच डोळे मशीनवर घेतले अन् अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसवलं."

"पण हे तर आपलं गाव हाय."

"तिकडं इतकी वर्षं राहिलो. ते बी आपलंच वाटायचं."

शेवटी त्यानं डोळे उघडले. मशीन वाजलं. दुकानदार गहू मोजू लागला, पण तो माणूस पिशवी सोडून दाराकडं बघत राहिला, कुणीतरी न्यायला येणार असल्यासारखा. नकळत मीही तिकडं बघितलं.