बँक मोडणाऱ्या अध्यक्षावरचं भाषण

चूक माझीच होती, आणि ती मी सगळं ठाऊक असताना केली.

सालेकशाच्या कॉलेजात मी कितीतरी वर्षं इतिहास शिकवतोय. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण सरांनी लिहायचं आणि विद्यार्थ्यानं पाठ करायचं, ही आमची रीत. माझं एक ठेवणीतलं भाषण होतं. अमेरिकेची मध्यवर्ती बँक मूठभर श्रीमंतांच्या हातात गेली म्हणून एक अध्यक्ष तिच्याविरुद्ध उभा राहिला, त्यानं ती मोडली, शेतकरी-कारागिरांनी त्याला डोक्यावर घेतलं. शेवटी 'गरिबांचा कैवारी' म्हणताना आवाज चढवायचा. दोनदा बक्षीस आलं होतं.

मागच्या वर्षी ते मी दरेकशाहून गाडीनं येणाऱ्या एका गोंड मुलीला दिलं. गोंदियाच्या स्टेजवर बोलायची तिची पहिलीच वेळ. घरी, शेजारीपाजारी सांगून झालं होतं.

आदल्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. तिनं मोबाइलवर काही वाचलं होतं.

"सर, या अध्यक्षानं त तिथल्या जंगलातल्या मूळ लोकाइले त्याइच्या जमिनीवरून हाकललं ना?"

"ते आपल्या विषयात नाही."

"मंग कैवारी काऊन म्हनू? माह्या आज्यानं आयकलं त मलेच घराबाहीर काढन."

"परीक्षक म्हणून तुझ्या आजोबांना बोलावलंय का?" मी म्हणालो. तिथं बसलेले सगळे सहकारी हसले. ती हसली नाही.

"एक वाक्य जोडू द्या सर. बँकेचं बी सांगीन, हेबी सांगीन."

एम.ए.ला असताना मी ते सगळं वाचलं होतं. टाळ्या जातील म्हणून भाषणात लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, "जमत नसेल तर दुसरी बोलेल." दुसरीच गेली. बक्षीसही घेऊन आली.

त्यानंतर ही मुलगी वर्गात काहीच विचारेना. मी सांगेन ते मान खाली घालून उतरवून घ्यायची. रोज तिची ती वाकलेली मान बघून मी थकलो.

यंदा स्पर्धेची नोटीस लागली तेव्हा तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. हसणारे तेच सहकारी बसले होते. मी उभा राहिलो.

"तू म्हणालीस ते खरं होतं. मला आधीपासून माहीत होतं. तरी तुला हसण्यावारी नेलं आणि तुझी जागा दुसरीला दिली. माझं चुकलं, बाई. मला माफ कर."