पोत्याच्या शर्यतीला कुठला राग?

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, सदर भागातल्या ज्या शाळेत विनता पोतनीस संगीत शिकवायची, तिथे संगीत म्हणजे सकाळची प्रार्थना, पंधरा ऑगस्टचं समूहगान आणि पाहुणे आले की स्वागतगीत. काय गायचं ते वरून ठरून यायचं. विनताला त्याचं काही वाटत नसे. ठरवणं हा तिचा प्रांतच नव्हता. साडीच्या दुकानात ती दोन साड्या हातात धरून उभी राही आणि शेवटी दुकानदारच कंटाळून त्यातली एक बांधून देई. लग्नाच्या वेळी आलेल्या स्थळांतून अनुपमचं स्थळसुद्धा आत्यानं निवडलं होतं. ते चांगलं निघालं, त्यामुळे आपण काही न ठरवणंच बरं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

म्हणून डिसेंबरात प्रिन्सिपलनी बोलावून घेतलं तेव्हा ती जरा गडबडलीच.

“मैडम, इस बार स्पोर्ट्स डे पर फ़िल्मी गाने नहीं बजेंगे. पेरेंट्स की शिकायत है. पूरे दिन बैकग्राउंड में क्लासिकल चलेगा. आप चुनिए.”

“क्लासिकल मतलब सर... कौन सा?”

प्रिन्सिपलनी हात हवेत वर नेला आणि तिथेच थोडा फिरवला. “वही. जिसमें एक ऊँचाई हो.”

विनता मान हलवून बाहेर आली आणि व्हरांड्यात थबकली. उंची म्हणजे काय? सतार? ख्याल? की सुटाबुटातली माणसं ओळीनं बसून वाजवतात ते व्हायोलिन? परत आत जाऊन विचारावं असं वाटलं, पण तो वर फिरणारा हात आठवून ती वर्गाकडे वळली.

घरी अनुपम वीज मंडळातून येऊन चहा पीत होता. “तू काहून इतकी घाबरून राहिली?” तो म्हणाला. “चार सतारी टाक पेन ड्राइव्हमध्ये अन् मोकळी हो.”

चिन्मयी, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, मोबाइलमधून मान वर न करता बोलली, “आई, रिले रेस में तो फ़ास्ट लगेगा ना? तुझ्या रागांत गाणारे निघायलाच आधा घंटा लावतात.”

यात खोटं काही नव्हतं. शंभर मीटरची शर्यत आलापातला पहिला षड्ज ठरेपर्यंत संपून गेली असती. बरं, शर्यती सकाळच्या, म्हणून राग सकाळचे घ्यावेत, तर तोडीसारखा गंभीर राग लावून पोरांना पळवायचं कसं? आणि पोत्याच्या शर्यतीला कुठला राग? गुरूंनी रागांची वेळ शिकवली होती, ऋतू शिकवले होते. पोत्यात पाय घालून उड्या मारणाऱ्या पोरांबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या सरावाला तिनं संचलनासाठी रूपक तालातली एक गोड गत नेली. पीटीचे शैलेंद्र सर शिट्टी तोंडात धरून उभे. पोरं निघाली. डावा पाय समेवर पडला. पण रूपकाच्या मात्रा सात. पुढच्या आवर्तनात समेवर उजवा आला. काही पोरं तालाबरोबर राहिली, काही सरांच्या हाताबरोबर, आणि मैदानाच्या वळणावर दोन्ही पक्ष एकमेकांत घुसले.

“मैडम, इसमें लेफ़्ट-राइट है कहाँ?” शैलेंद्र सरांनी शिट्टी काढून विचारलं.

“है तो सही,” विनता म्हणाली, “बस, बदलता रहता है.”

शेवटी तिनं संचलनाला तीनतालातला सतारीचा झाला, म्हणजे गतीच्या शेवटचा वेगवान भाग, घेतला, शर्यतींना तराणे, पोत्यांना तबला. समारोपाला ध्वज उतरतो तेव्हा काय, हे मात्र तिनं कुणालाच विचारलं नाही. तिथे तिनं आपल्या गुरू सत्यभामाबाईंनी गायलेला पूरिया, संध्याकाळचा राग, टाकला. गोलबाजारातल्या त्यांच्या खोलीत विनता लहानपणापासून शिकायला जात असे. महामारीच्या वर्षी बाई गेल्या. अस्थी भाच्यानं एकट्यानंच तिलवाऱ्याच्या घाटावर नदीत सोडल्या. ना कुणाला जाता आलं, ना शोकसभा झाली. साथीला सारंगी घेऊन त्यांनी गायलेल्या या पूरियाचं एक जुनं ध्वनिमुद्रण तेवढं विनताकडे राहिलं होतं. फाइलींना तिनं एक ते दहा असे आकडे दिले आणि पेन ड्राइव्ह साउंडवाल्याच्या हाती सोपवला.

स्पोर्ट्स डेला ऊन छान पडलं होतं. प्रमुख पाहुणे निवृत्त कर्नल होते. सतारीचा झाला वाजला, संचलन सरळ पार पडलं, आणि विनतानं श्वास सोडला. आता कर्नलसाहेब फुगे सोडणार आणि दुसऱ्या आकड्याचा तराणा सुरू होणार. पण मशीन एकनं सुरू होणारे आकडे आधी घेत होतं; त्याच्या हिशेबात एकानंतर दोन नव्हता, दहा होता, म्हणजे समारोपाचा पूरिया. चारी भोंग्यांतून, कुणी मोठा नेता गेल्यावर रेडिओवर वाजे तशी, सारंगी रडल्यासारखी उमटली आणि तिच्यामागून सत्यभामाबाईंचा खोल आवाज मैदानभर पसरला.

कर्नलसाहेबांनी फुग्यांची दोरी शेजाऱ्याच्या हातात दिली, टोपी काढली आणि ते ताठ उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून प्रिन्सिपल उठले, प्रिन्सिपल उठले म्हणून शिक्षक, आणि मग खुर्च्या सरकवत सगळे पालक. पोरांनी माना खाली घातल्या. साउंडवाल्यानं बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. फाटकाशी रस्त्यावरून जाणारी माणसंही थांबली.

विनता जागच्या जागी गोठली होती. धावत जाऊन बंद करावं? एवढी माणसं मान खाली घालून उभी असताना? आणि बाईंचा आवाज तर निषादावर असा रेंगाळत होता, की तिलाही वाटेना कुणी मध्येच तोडावा.

आलाप संपला. कर्नलसाहेबांनी टोपी घातली. प्रिन्सिपल तिच्याजवळ आले आणि कुजबुजले, “किसके लिए था? मुझे तो किसी ने बताया नहीं!”

मशीनची चूक झाली, एवढंच सांगायचं होतं. विनताच्या तोंडून निघालं, “सत्यभामाबाई. मेरी गुरु थीं, सर.”

“ओह. कब?”

“कोविड में.”

 रागवावं की सांत्वन करावं, प्रिन्सिपलना ठरवता येईना. शेवटी “पहले बताना चाहिए था” असं म्हणून ते माइककडे गेले आणि नाव चुकत चुकत त्यांनी सांगितलं, की शहराच्या एका थोर गायिकेला आपण आज आदरांजली वाहिली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळल्यानं काहींनी वाजवल्या, काहींनी नाही.

त्यानंतर विनता साउंडवाल्याशेजारी खुर्ची ओढून बसली. आकड्यांवर आता तिचा भरवसा उरला नव्हता. समोर पाहायचं आणि सांगायचं. चमचा-लिंबूला तिनं संथ सतार लावली, तर पहिलीतली पोरं इतकी हळू चालू लागली की शैलेंद्र सर वैतागले. पण लिंबू फारसं कुणाचं पडलं नाही. पोत्यांना तबला लावला. ते बरोबर होतं की चुकीचं, तिला अजूनही सांगता येत नाही. पोरं हसत होती, पडत होती, उठत होती.

संध्याकाळी अनुपमनं विचारलं, “कसं झालं?”

“समजलंच नाही,” ती म्हणाली. “बाईंसाठी सगळी शाळा उभी राहिली. पण मी खरं बोलले का खोटं?”

अनुपमनं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. तेवढ्यात पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, सुबह वाला गाना क्या था? विनतानं लिहिलं, ‘पूरिया.’ मग खोडलं. सकाळी पूरिया लावला हे कळलं तर जाणकार काय म्हणतील? पुन्हा लिहिलं आणि पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं: ‘पूरिया जी को विनम्र श्रद्धांजलि.’ त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

विनताला हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तशी चिन्मयी आतून धावत आली. “आई, क्या हुआ? हसून राहिली का रडून राहिली?”

विनतानं नुसता हात हलवला. ग्रुपवर दुरुस्ती टाकावी की राहू द्यावं, याचा ती विचार करत होती.