मुक्याने जायची वाट

देवाधर्माच्या बाबतीत मी कायम उंबरठ्याबाहेरचा माणूस. बायको देवळात जायची आणि मी बाहेर चपला सांभाळत उभा राहायचो, एवढाच माझा परमार्थ. वणीच्या कापूस बाजारात हर्रास पुकारण्यात माझा जन्म गेला. कापसाच्या गाडीजवळ उभं राहायचं, व्यापाऱ्यांना डिवचायचं, बोली चढवत न्यायची. सगळा खेळ गळ्याचा. जगात जे मिळतं ते ओरडल्याशिवाय मिळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. त्यामुळे देवापुढे हात जोडून गप्प उभं राहणाऱ्या माणसांचं मला नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही यायचं.

बायकोच्या माहेरची एक रीत आहे. वर्षातून एकदा माहूरला रेणुकाआईची ओटी न्यायची, आणि ती मुक्याने न्यायची. घराचा उंबरठा ओलांडला की तोंड बंद. ते उघडायचं थेट आईच्या उंबरठ्यावर. वाटेत लिहूनही काही सांगायचं नाही. मोबाइल घरी, पाय अनवाणी, खिशात बसपुरते पैसे. एकदा बांधलेली ओटी आईसमोरच सुटायची. लग्नानंतर तिने ही वाट एकदाही चुकवली नाही. "वर्षातून एक दिवस तू गप्प बसतेस, अन् नेमका त्याच दिवशी मी सोबत नसतो," असं म्हणून मी तिला चिडवायचो. तीही हसून सोडून द्यायची.

यंदा तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि सांगितलं, गाठ निघेल, पण आवाज राहील की जाईल ते आत्ता सांगता येणार नाही. घरी आल्यावर तिने आजाराचा शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाली, "औंदा ओटी तुमी नेता काय?" मी नाही म्हणू शकलो नाही. श्रद्धा होती म्हणून नव्हे. मी घाबरलो होतो, आणि तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं.

उंबरठा ओलांडल्यावर तिकिटाच्या खिडकीवर बोलता येत नाही, म्हणून त्या दिवसाचं तिकीट आधीच काढून आणायचं, हीही रीतच. मी सकाळी स्टेशनवर जाऊन किनवटपर्यंतचं जनरलचं तिकीट आणलं आणि देवापुढच्या ताटात ठेवलं. आमच्या घरात लेकीच्या परीक्षेच्या हॉलतिकिटापासून दवाखान्याच्या फाइलपर्यंत प्रत्येक महत्त्वाचा कागद आधी हळदकुंकू लावून घेतो, मगच घराबाहेर पडतो. त्याच ताटात ओटीचे तांदूळ होते. आर्णीहून आलेली लेक म्हणाली, मी बांधते. पण बायकोने ऐकलं नाही. खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि ओंजळीने तांदूळ घेऊन तिनेच लाल कापडात गाठ मारली. मी ओटी उचलली, वरच्या खिशात कागद आहे हे चाचपून पाहिलं आणि बाहेर पडलो. फाटकापाशी वळून पाहिलं तर ती दारात उभी होती. मला काहीतरी बोलायचं होतं, पण आता बोलता येत नव्हतं.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. कायरला एक म्हातारी चढली आणि समोर बसली. हिरव्या काठाचं जुनं लुगडं, हातात बांबूची टोपली. झरी जामणीकडची असावी. तिने एकदा माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, एकदा मांडीवरच्या ओटीकडे, आणि मग बाहेर बघत बसली. मी मनातल्या मनात देवीशी भांडत होतो. माझ्या बायकोने वर्षानुवर्षं तुझ्याकडे मुक्याने यावं, आणि तू तिचा आवाजच मागावास? हा कुठला न्याय? तोंड बंद ठेवलं की आतला माणूस किती ओरडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

कायर मागे पडलं आणि तिकीट तपासनीस आले. तरुण होते, घामाघूम झाले होते. मी ऐटीत खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलगडला आणि परत माझ्यापुढे धरला. ती औषधाच्या दुकानातली चिठ्ठी होती.

"काका, तिकीट?"

मी सगळे खिसे उलटे केले. पिशवीतलं धोतर झटकलं, पंचा झटकला. तिकीट नव्हतं. ते ताटात ठेवलं होतं एवढं आठवत होतं, पण तिथून उचलल्याचं काही केल्या आठवेना.

"कुठून बसले? बोला ना. ऐकू येत नाही का?"

मी ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले. त्यांना वाटलं, मी मुका आहे. त्यांचा आवाज जरा मऊ झाला. तेवढ्यात दाराजवळ उभा असलेला एक शेतकरी पुढे आला. बाजारात कापूस घेऊन येणारा, तोंडओळखीचा.

"साहेब, हे मुके गिके काही नाहीत! आमच्या वणीच्या मार्केटात हर्रास पुकारतेत हे. यायचा आवाज पार रस्त्यावर ऐकू येते. तिकीट नाही म्हणून सोंग करून राह्यले."

डबा हसला. तपासनिसांचा चेहरा बदलला. "लाज वाटत नाही का या वयात? पिंपळखुटी आलं की उतरा खाली. दंड भरा, नाहीतर पोलिसांकडे चला."

आयुष्यात माझ्यावर असा कुणी आवाज चढवला नव्हता, आणि चढवला असता तर त्याला दुसरं वाक्य बोलू दिलं नसतं. एका वाक्याचं काम होतं. आपण चोर नाही, सकाळीच तिकीट काढलंय, आईची ओटी घेऊन चाललोय. पण तेवढं बोललो असतो तर बायकोची वाट तिथेच मोडली असती. आणि न बोलता खाली उतरलो असतो तर त्या दिवशी माहूर गाठणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला नागपूरला न्यायचं होतं. गाडीचा वेग कमी होऊ लागला. ओटी छातीशी धरून मी डोळे मिटले आणि मनात म्हणालो, आई, माझ्याने आता होत नाही, तुझं तू बघ. कधी नव्हे ते माझं भांडण संपलं होतं. तोंड मात्र उघडलं होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता.

आणि शब्द ऐकू आले. पण ते माझे नव्हते.

"साहेब, त्यायले बोलाले लावू नका," समोरची म्हातारी म्हणत होती. "मांडीवर ओटी हाय, पायात चप्पल नाही, दिसत नाही काय? आईकडे मुक्यानं चालले ते. माही मायबी अशीच जाये. बोलले तं त्यायचं सारंच जाईन."

तपासनिसांनी ओटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माहूरला?" मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात मोकळे नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "काका, तिकीट नाही म्हणजे पावती तर मला फाडावीच लागेल." मी काही करण्याआधीच तो शेतकरी पुढे झाला. "फाडा साहेब, मी भरतो. माह्या तोंडानं घाण केली." तपासनिसांनी पावती माझ्या खिशात ठेवली, जाता जाता दोन बोटं ओटीला लावून कपाळाला लावली आणि पुढच्या डब्यात गेले.

आदिलाबादला म्हातारी उतरली. मी उठून उभा राहिलो, हात जोडले. नाव विचारता आलं नाही, गाव विचारता आलं नाही. इतकं बोलणारा मी, पण उपकाराचा एक शब्दही मला बोलता आला नाही. "जा, सांभाळून जा," म्हणाली आणि टोपली कडेवर घेऊन गर्दीत मिसळून गेली. ती कोण होती, याचा कीस मी पुढे कधी काढला नाही. माझ्यासाठी ती बोलली, एवढं मला पुरतं.

किनवटहून बसने माहूर गाठलं आणि गडाच्या पायऱ्या चढून संध्याकाळी आईसमोर पोहोचलो. पुजाऱ्यांनी ओटी घेतली, गाठ सोडली आणि तांदूळ बाजूला सारता सारता थांबले. तांदळातून त्यांनी एक कागद काढला. कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं माझं तिकीट. "हे काय पाहुणे, तिकीटही आईलाच आणलं का?" ते हसून म्हणाले. ओंजळीने तांदूळ घेताना ताटातलं तिकीटही बायकोच्या हातात आलं असणार. ज्याच्यासाठी मी भर डब्यात चोर ठरलो, ते सगळी वाट माझ्याच मांडीवर होतं. तोंड उघडायची मुभा आता मिळाली होती. मनात मागण्यांची रांग होती, गाठ, ऑपरेशन, आवाज. पण तोंडातून "आई" एवढंच निघालं, आणि पुढे काही मागावंसं वाटलं नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला काही दिवस अजिबात बोलू नका म्हणून बजावलं होतं. ते दिवस आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत काढले. मी घरातही हळू बोलायला शिकलो. एका सकाळी मी तिला चहा दिला, तर कपाकडे न बघता तिने माझ्याकडे पाहिलं आणि फाटक्या, बारीक आवाजात पहिलं वाक्य बोलली, "वाटेत बोलले तं नाही ना?"

मी कप खाली ठेवला. तिला सगळं सांगितलं, तिकिटाचं, म्हातारीचं, तांदळातल्या कागदाचं. शेवटी राहवलं नाही म्हणून म्हणालो, "बोललो नाही. पण तोंड उघडलं होतं गं."

ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "उघडलं होतं ना? तिनं तेवढ्यातच ऐकलं."