पोर उघडं टाकून कुठं चाललात?

काशीचा दिवस पहाटे चारला सुरू झाला, तो भांडणाने. नातू पंकज वैशाखात लग्न करणार होता आणि गोरखचा डीजे ठरवून मोकळा झाला होता. काशी दाभोसा पाड्याची धवळेरी, लग्नात धवळे गाणारी. पाड्यावरची लग्नं तिनं गाऊन लावलेली. आता नातवाच्याच मांडवात तिचा आवाज डीजेच्या खोक्यांखाली गाडला जाणार होता.

उजाडताच तिनं गोरखचं घर गाठलं. "धवळे होईस्तोवर बंद ठेव."

"ठेवीन की, आजी. पण बंदचं भाडं पडेल. चालूइतकंच."

रेतीची घमेली वाहून मिळे ते तांदळात जाई. बंदचं भाडं कुठून आणायचं, या विचारात ती जव्हारला कामावर आली. काम चर्चच्या कुंपणाचं. नाताळला आठवडा होता. चर्चची मंडळी संध्याकाळी घरोघर गात फिरायची, पण पुढं गाणाऱ्या रविनाचा घसा बसला होता. मंडळींचा म्होरक्या कमलेश जीप चालवायचा. घमेल्याखाली गुणगुणणारी काशी त्यानं हेरली.

"आजी, येशूच्या जन्माचं गाशील? रोजाएवढे देऊ. एका घरी एक कडवं, की पुढचं घर."

"जन्माचं ना? गाते."

कमलेशनं तिला गोष्ट सांगितली: मरिया, तिचा सुतार नवरा योसेफ, गोठा, गव्हाण. पहिल्या अंगणात काशीनं सूर लावला. बाळ गोठ्यात जन्मलं. गिटार थांबली, मंडळी वळली. काशी जागची हलली नाही.

"चल, आजी."

"पोर उघडं टाकून कुठं चाललात?"

"अगं, कडवं संपलं."

"नाळ कापायची हाय. आंघोळ हाय. थंडी किती पडलीय."

धवळेरीनं उचललेलं गाणं अर्ध्यावर सोडलं की घराला अपशकुन. कमलेशही पाड्यावरचाच, त्याला हे ठाऊक होतं. पण ते लग्नात, असा त्याचा समज.

"राहू दे की आजी, पैसे पूर्ण देतो."

"अर्ध्या कामाचे मी घेत नाय."

गाण्यातच तिनं पाणी तापवलं, बाळाला तेल चोळलं, धुरी दिली. मग पाळण्याची वेळ आली. "बाप सुतार ना? मग लागू दे कामाला," असं म्हणून तिनं योसेफाला रानात धाडलं. त्यानं साग नापसंत केला, शिवणीचं झाड तोडलं, तासलं. मरियेला नागलीची पेज मिळाली. घरमालकानं दोनदा चहा केला. शेजारी खुर्च्या घेऊन आले.

"सगळी आळी राहिली," कमलेश कुरकुरला.

"आळी हितंच आलीय," रविना बसक्या घशानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीची तक्रार आली: वरच्यांकडं पाळणा बांधता, आमच्याकडं का नाही? नाताळपर्यंत काशी रोज सकाळी रेती वाहत होती आणि संध्याकाळी योसेफाला राबवत होती. रेतीचे पैसे घरात गेले. गाण्याचे गोरखला मिळाले.

वैशाखात काशी पूर्ण धवळे गायली, एक ओळ न गाळता. गोरख मुक्या खोक्यांवर बसून होता. तेवढंच त्याचं काम, पण काशीच्या मते तेही त्यानं धड केलं नाही. भाडं गप्प बसायचं दिलं होतं, आणि हा घोरत होता.