त्याला तहान नाही

ही गोष्ट माझ्याकडून कुणी ऐकलेली नाही. म्हणजे – शेकडो लोकांनी ऐकली आहे, छापूनही आली आहे. पण त्यांनी ऐकली ती खोटी. खरी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

नागपुरात महाल भागात माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. मी बाराखडी पत्रकांच्या प्रुफांवर शिकले. बाविसाव्या वर्षी माझं स्वतःचं पहिलं पत्रक निघालं, पाणवठ्यांवरच्या शिवाशिवीबद्दल. त्यात एक वाक्य मी मुद्दाम जाड टाइपात लावून घेतलं होतं – जात विचारणाऱ्याला उत्तर देऊ नका, त्याला कारण विचारा. ते पत्रक कामठीपासून उमरेडपर्यंत पोचवलं ते सुखदेवभाऊंनी. कन्हानचे, खाणीत गाडी चालवायचे, बौद्ध, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. सुट्टीच्या दिवशी सायकलला गठ्ठा बांधून गावोगाव फिरायचे. परत आले की म्हणायचे, "ताई, लिवता तुमी बसून, अन् पाय माहे दुखते."

त्या वर्षी दिवाळीत माझ्या थोरल्या भावाने वाळवंट पाहायला जायचं काढलं. मित्राची जुनी अँबॅसडर मिळाली. चालवायला सुखदेवभाऊ रजा काढून आले. दादा, वहिनी, त्यांची सहा वर्षांची चिनू, अडीच वर्षांचा मुन्ना आणि मी. मुलांना उंट बघायचे होते. बाकी आम्हाला तरी तिथे काय हवं होतं?

जोधपूर सोडून जैसलमेरकडे निघालो आणि दुपारी गाडी तापली. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. आमची सुरई सकाळीच एका खड्ड्यात फुटली होती. उन्हाची आम्हा नागपूरकरांना काय नवलाई – असं मी तोवर म्हणत होते. पण आमच्याकडे ऊन लागलं की निदान कडुनिंब तरी सापडतो. मुन्ना आधी रडत होता. मग रडायचा थांबला, आणि वहिनीचा चेहरा उतरला.

सुखदेवभाऊंकडे त्यांची स्वतःची बाटली होती. त्यातलं पाणी त्यांनी दोन्ही मुलांना पाजलं. सगळं. मग बाटली उलटी करून चिनूला दाखवली, "पाह्य, संपलं, आता उंटालेच मांगू." ती हसली. त्यांनी स्वतः सकाळपासून काय प्यायलं होतं? मी विचारलं नाही.

लांब चार झोपड्या दिसत होत्या. दादा गाडीपाशी थांबला. वहिनी, मुलं आणि मी पुढे निघालो, सुखदेवभाऊ रिकामा डबा घेऊन मागून येत होते. तिथे जमिनीत बांधलेलं पावसाच्या पाण्याचं टाकं होतं, त्याला लाकडी झाकण आणि कुलूप. चाळिशीची एक बाई किल्ली घेऊन आली. मुलांकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता त्यांना पाणी पाजलं. मुन्नाच्या तोंडावर ओला हात फिरवला. वहिनी प्यायली, दादासाठी तांब्या भरून घेतला.

हे नीट ध्यानात ठेवा. कारण पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की जे केलं ते मुलांसाठी केलं. मुलांचं तोवर पिऊन झालं होतं. तहानलेले उरलो होतो ते मी – आणि सुखदेवभाऊ.

मी ओंजळ पुढे केली. बाईने लोटा उचलला आणि सहज, नाव विचारावं तसं विचारलं, "कौन जात हो?"

कारण विचारायची वेळ होती ती. मी म्हटलं, "ब्राह्मण." लगेच म्हटलं. जीभ अडखळली नाही.

तिने मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "और वो?"

सुखदेवभाऊ दहा पावलांवर उभे होते, डबा हातात. मी काय काय म्हणू शकले असते? आमच्या घरचेच आहेत, असं म्हणू शकले असते. खोटंही नव्हतं ते. निदान गप्प राहता आलं असतं. मी म्हटलं, "वो ड्राइवर है. उसको प्यास नहीं."

चिनू म्हणाली, "काकांना लागलीय तहान. त्यांचं पाणी मी प्यायले ना."

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. जोरात. ती माझ्याकडे बघतच राहिली. वहिनी वाळूकडे बघत होती. आणि मी – प्यायले. दोन ओंजळी. पाणी गार होतं.

ती बाई वाईट नव्हती. कदाचित तिने त्यांनाही पाजलं असतं. मला माहीत नाही, कारण मी तिला तशी वेळच येऊ दिली नाही. गाडीसाठी पाणी मागितलं तेव्हा तिने काही न विचारता अख्खा डबा भरून दिला.

परतताना डबा त्यांच्या हातात होता. वाटेत ते कुठेही थांबून पिऊ शकले असते, मी मागे वळूनसुद्धा बघितलं नसतं. त्यांनी थेंब न सांडता सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. झाकण लावताना म्हणाले, "गाडीले पाजून देल्लं, ताई. तिले कोनी जात नाई पुसत."

पुढचं गाव यायला तास लागला. तिथल्या चहाच्या टपरीवर त्यांनी उभ्याउभ्या चार ग्लास पाणी प्यायलं. पाणी गिळताना त्यांचा कंठ वरखाली होत होता, तो मी गाडीतून बघत होते.

चिमटा, ओंजळ – इथवर तो भित्रेपणा होता. पुढचं मी शांत बसून, शाई भरून केलं.

नागपूरला परतल्यावर नवं पत्रक लिहिलं. त्यात त्या टाक्यावर मी बाईला कारण विचारते. सुखदेवभाऊ प्यायल्याशिवाय आम्ही कुणीही थेंब घेत नाही. शेवटी तीच त्यांना पहिला लोटा देते. चांगलं लिहिलं होतं. सभेत वाचलं तेव्हा बायकांनी डोळे पुसले.

गठ्ठा न्यायला सुखदेवभाऊ छापखान्यात आले. उभ्यानेच सगळं वाचलं. मग मला म्हणाले, "मस्त लिवलं वं ताई. मी पानी पेलो होतो, मलेच मालूम नोहोतं." गठ्ठा उचलला नाही. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत, आणि मीही कन्हानला गेले नाही.

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली. प्रूफ माझ्याच हातात होतं, दुपारभर. ते पान मी दोनदा वाचलं. लोट्याच्या वाक्यात एक वेलांटी चुकली होती. तेवढी दुरुस्त केली आणि छापायला दिलं.